लाल पेन मुलांच्या हाती

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या बहुतेक शाळांमध्ये एकच देखावा असतो. बाकं भिंतीला सरकवलेली, त्यांवर चादरी, चादरींवर थर्माकोल. खाण्याच्या सोड्यात व्हिनेगर ओतून फसफसणारा ज्वालामुखी, पवनचक्की, ठिबक सिंचनाचं शेत आणि अलीकडे न चुकता एक ‘स्मार्ट सिटी’. प्रत्येक टेबलामागे दोन-तीन मुलं उभी. पाहुणे समोर आले की ती एका दमात सुरू होतात, “नमस्कार, आमच्या प्रकल्पाचं नाव...” मधेच थांबवून काही विचारलं तर मूल गडबडतं, बाईंकडे बघतं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागतं. पाहुणे “वा, छान” म्हणतात, फोटो होतो, मंडळी पुढच्या टेबलाकडे सरकतात.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन यांनी आपला प्रकाशाच्या विकिरणाचा शोध जाहीर केला, म्हणून १९८७पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. शोधाचा दिवस आपण पाठांतराने साजरा करतो आणि त्यात काही विसंगत आहे असं कुणाला वाटत नाही.

प्रदर्शन भरवणाऱ्या शिक्षकांवर माझा राग नाही. त्यातले कितीतरी जण स्वतःच्या खिशातून पुठ्ठे आणि तारा आणतात. माझी तक्रार आपल्या कल्पनेबद्दल आहे. विज्ञान लोकांपर्यंत पोचवण्याच्या कामात मुलांना आपण दोनच जागा देऊ केल्या आहेत. एक, समोर बसून ऐकणाऱ्याची. दुसरी, आपण लिहून दिलेलं मोठ्याने म्हणणाऱ्याची. पाणी वाचवा, झाडे लावा, प्लास्टिक टाळा अशा प्रभातफेऱ्या निघतात. घोषणा मोठ्यांनी लिहिलेल्या, आवाज मुलांचा. फटाके न उडवण्याची शपथ हात पुढे करून घेतली जाते. हेतू चांगला आहे, पण शपथ घेणाऱ्याने प्रश्न विचारायचा नसतो, आणि विज्ञानाची सुरुवात तर तिथूनच होते. तिसरी एक जागा आहे, जी आपण मुलांना देत नाही. जिच्या म्हणण्यामुळे मोठ्यांना आपलं लिहिलेलं, छापलेलं किंवा ठरवलेलं बदलावं लागतं, अशा व्यक्तीची. ती जागा द्यायची तयारी नसेल, तर निदान ‘सक्षमीकरण’ हा शब्द तरी परिपत्रकांतून काढून टाकावा.

मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या एका निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही. मुलांना आपल्या कामासाठी वापरून घेणं, मुलांना शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, अशा त्या तीन. आपली विज्ञान दिनाची मांडणी कुठल्या पायरीवर बसते हे सांगायला तज्ज्ञ समिती नेमायला नको. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याचं बारावं कलम सांगतं की मुलांशी संबंधित बाबींत मुलांना मत मांडता आलं पाहिजे आणि त्या मताला वयानुसार वजन दिलं गेलं पाहिजे. आपण त्यातलं मत मांडणं तेवढं उचललं. वजनाचं राहून गेलं.

वजन देणं म्हणजे काय, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातलं आहे. ब्लॅकॉटन नावाच्या खेड्यातल्या प्राथमिक शाळेतल्या आठ ते दहा वर्षांच्या पंचवीस मुलांनी भुंगेमाशांवर एक प्रयोग केला. बो लोटो हे मज्जाशास्त्रज्ञ आणि शाळेचे मुख्याध्यापक सोबत होते, पण कोडं मुलांनी रचलं. पारदर्शक पेटीत रंगीत दिव्यांची मांडणी करायची, काही ठिकाणी साखरेचं पाणी आणि काही ठिकाणी मिठाचं ठेवायचं, आणि माशी नुसता रंग लक्षात ठेवते की रंगांची मांडणीही, ते बघायचं. माश्या दोन्ही वापरतात असं निघालं. निबंधही मुलांनीच आपल्या शब्दांत लिहिला. त्याची सुरुवात ‘एकदा काय झालं’ अशी होती, आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या होत्या आणि संदर्भसूची नव्हती. तरी डिसेंबर २०१०मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकाने तो छापला, सोबत दोन तज्ज्ञांची टिप्पणी जोडून. प्रयोग मुलांचा आहे, पण निष्कर्ष तपासून घेतलेला आहे, असं त्या टिप्पणीमुळे वाचकाला कळत होतं. आजवर कुणीच न केलेलं काहीतरी करायला मिळतं म्हणून विज्ञान मजेचं असतं, असंही मुलांनी निबंधात लिहून टाकलंय. विज्ञान म्हणजे काय हे सांगणारी याहून सरळ ओळ मोठ्यांच्या निबंधांत मला फारशी सापडलेली नाही.

तिथे नियतकालिकाने आपली पद्धत मुलांसाठी थोडी वाकवली, पण तपासणीत सूट दिली नाही. आपल्याकडे नेमकं उलट होतं. ‘आठवीतल्या विद्यार्थ्याने बनवली पाण्यावर चालणारी दुचाकी’ या धर्तीच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. बालवैज्ञानिक म्हणून सत्कार होतो, शाल-श्रीफळ होतं, आमदारांसोबत फोटो येतो. पाण्याचे घटक वेगळे करायला लागणारी ऊर्जा कुठून आली, हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारला तर ‘पोराचा हिरमोड कशाला करता’ असं उत्तर मिळतं. मला हा त्या मुलाचा अपमान वाटतो. त्याने जे केलं ते खरं की खोटं हे बघण्याइतकंही त्याला कुणी मोजलेलं नसतं. दोन वर्षांनी भौतिकशास्त्र शिकताना त्याला स्वतःलाच ते कळतं, आणि तोवर त्याच्या नावाची बातमी इंटरनेटवर कायमची पडलेली असते.

याच्या जोडीला अमेरिकेतल्या एमिली रोझाची गोष्ट ठेवून बघा. हातांनी रुग्णाचं ऊर्जाक्षेत्र जाणवतं आणि ते नीट करून आजार बरा करता येतो, असा दावा करणारी एक उपचारपद्धती तिथल्या परिचारिकांमध्ये पसरली होती. नऊ वर्षांच्या एमिलीने शाळेच्या प्रकल्पासाठी पुठ्ठ्याचा पडदा उभा केला. उपचारकाने पडद्यातल्या भोकांतून दोन्ही हात पुढे करायचे, नाणेफेक करून एमिली आपला हात त्यातल्या एका हातावर धरणार, आणि कोणत्या ते उपचारकाने ओळखायचं. एकवीस उपचारक, २८० प्रयत्न. बरोबर उत्तरं ४४ टक्के, म्हणजे नुसत्या अंदाजाने यावीत त्याहूनही कमी. १९९८ साली ती अकरा वर्षांची असताना हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. तिची आई आणि सावत्र वडील सहलेखक होते, त्यामुळे सगळं तिनेच केलं असं म्हणायचं कारण नाही. पण प्रश्न आणि मांडणी तिची होती, आणि मोठ्यांच्या एका पेशाच्या दाव्याला तिने आकड्यांनी उत्तर दिलं.

मुलांना जन्मतः शास्त्रज्ञ ठरवणारी भाषणं मला पटत नाहीत. मुलं भरपूर चुकतात, भलतंच मानतात, कंटाळतात. त्यांच्याकडे एक गोष्ट मात्र मोठ्यांपेक्षा जास्त असते. समजलं नाही तर समजलं नाही असं त्यांना म्हणता येतं. व्याख्यानाला बसलेला प्राध्यापक असं म्हणत नाही, पत्रकार म्हणत नाही, अधिकारी तर नाहीच. विज्ञान समजावून सांगण्याच्या कामात या प्रामाणिकपणाइतकं उपयोगी दुसरं काही नाही. ‘फ्रंटियर्स फॉर यंग माइंड्स’ हे २०१३ साली सुरू झालेलं नियतकालिक त्यावरच उभं आहे. शास्त्रज्ञ लेख लिहितो आणि आठ ते पंधरा वयाची मुलं एका मार्गदर्शकाच्या मदतीने त्याचं परीक्षण करतात. हा परिच्छेद कळला नाही, ही आकृती कशाला आहे, हा शब्द आधी समजावून द्या, अशा त्यांच्या शेऱ्यांना शास्त्रज्ञाला उत्तर द्यावं लागतं. नोबेलविजेत्यांचे लेखही या चाळणीतून गेले आहेत. त्याच्या हिब्रू आणि अरबी आवृत्त्या निघतात. मराठीत आपण असं काही मनावर घेतलं, तर पैसा ही पहिली अडचण नसेल. आपला लेख सातवीतली मुलगी खोडणार ही कल्पना लेखक म्हणवणाऱ्यांना पचणं, ही असेल.

मराठीत मुलांसाठी विज्ञान सांगण्याची परंपरा मोठी आहे. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८पासूनचं, मराठी विज्ञान परिषद १९६६ सालची. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं झाली, तिथल्याच केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. जयंत नारळीकरांची पोस्टकार्डं तर प्रसिद्धच आहेत. सही मागायला आलेल्या मुलाला ते सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न विचारून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. किती साधी युक्ती! सही हवी तर डोकं चालव. तरी या सगळ्या चांगुलपणात एक दिशा ठरलेली आहे. मूल विचारतं आणि मोठा माणूस सांगतो. तुमचं उत्तर मला कळलं नाही, पुन्हा लिहा, असं उलट पोस्टकार्ड पाठवायची रीत मात्र आपण पाडली नाही.

त्या बाबतीत शेजारच्या मध्य प्रदेशाने एकेकाळी बरीच मजल मारली होती. होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुलं प्रयोग करून स्वतःच निष्कर्षाला येत, परीक्षेत पुस्तक उघडं ठेवता येई. ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक माणसाला मुलं पत्रं लिहीत. कार्यकर्ते आणि शास्त्रज्ञ मिळून त्या पत्रांना उत्तरं देत, आणि मुलांच्या मनात नेमकं काय चाललंय हे त्या ढिगातून पुस्तक लिहिणाऱ्यांना कळे. पुढे हे काम ‘एकलव्य’ या संस्थेने चालवलं, ते शेकडो शाळांत पोचलं. २००२ साली राज्य सरकारने ते बंद केलं. आपल्याकडे चांगल्या शैक्षणिक कामांचा शेवट बहुधा असा फायलीतच होतो.

मुलांना विज्ञानप्रसारात आणायचं की नाही, असं आपण विचारतो तेव्हा मला गंमत वाटते. ती कधीच आली आहेत. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत औषधाच्या पाकिटावरचं वाचून कोण दाखवतं? हवामानाचा मोबाइलवरचा संदेश, माती परीक्षणाचा कागद, खताच्या पोत्यावरचे आकडे? शाळेत जाणारं पोर. नंदुरबार-गडचिरोलीकडे तर घरात पावरी किंवा गोंडी आणि कागदावर मराठी, म्हणजे ते पोर भाषांतरकारही झालं. घरातलं हे काम ते बिनबोभाट करतं आणि आपण त्याला विज्ञानप्रसार म्हणत नाही, कारण तिथे फीत कापायला काही नसतं.

कीटकनाशकाची बाटली घ्या. तिच्यावर एक तिरकी चौकट असते आणि चौकटीच्या खालच्या अर्ध्या त्रिकोणाच्या रंगावरून विषारीपणा कळतो. लाल म्हणजे अतिजहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. २०१७च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्यानंतर पत्रकं निघाली, भित्तिचित्रं लागली. विषबाधेला कारणं अनेक होती आणि नुसत्या चांगल्या पत्रकाने ती टळली असती असं मी म्हणणार नाही. पण अशी पत्रकं छापण्याआधी कापसाच्या पट्ट्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या सातवीच्या वर्गात ठेवून बघावीत. पहिल्याच पाच मिनिटांत कुणीतरी विचारेल, हिरवा म्हणजे चालतंय ना? सिग्नलला हिरवा म्हणजे जा, इथे हिरव्यातही विषच. दुसरा विचारेल, निळ्यापेक्षा पिवळा जास्त वाईट कसा? रंगांचा हा क्रम ज्यांनी ठरवला त्यांच्यासाठी तो उघड होता, वाचणाऱ्यासाठी नाही. मुलांच्या शंका ऐकून पत्रकात दोन वाक्यं वाढली, अक्षर मोठं झालं, एक चित्र बदललं, तर त्या वर्गाने विज्ञानप्रसारात घातलेली भर आपल्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त असेल. पत्रकाच्या खाली शाळेचं नाव छापावं. मुलांना शेतात फवारणीजवळ पाठवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. वर्गात बसून कागद वाचायचा आहे.

हाच मुद्दा घरातल्या संवादालाही लागू होतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये दहा ते चौदा वर्षांच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. हवामान बदलाबद्दल शिकलेल्या मुलांच्या पालकांनाही त्या प्रश्नाची काळजी जास्त वाटू लागली होती. वडिलांमध्ये आणि राजकीयदृष्ट्या पुराणमतवादी पालकांमध्ये फरक ठळक होता, आणि मुलींच्या पालकांमध्येही. त्या अभ्यासक्रमात मुलांनी पालकांना भाषण द्यायचं नव्हतं. त्यांची मुलाखत घ्यायची होती. तुमच्या पाहण्यात हवामान कसं बदललं, असं विचारायचं होतं. घोषणा देणाऱ्या मुलाचं बाप कौतुक करतो आणि विसरतो. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला त्याला उत्तर शोधून द्यावं लागतं.

दरवर्षी मे महिन्यात वर्तमानपत्रांत शून्य सावलीच्या दिवसाची बातमी येते. पहिल्या आठवड्यात कोल्हापूर, मध्यावर पुणे-मुंबई, अखेरीस नागपूर. फार सुंदर घटना, आणि मुलांच्या हाती द्यायला अगदी गैरसोयीची. मेमध्ये शाळेला सुट्टी, आणि सूर्य परतीच्या वाटेवर पुन्हा डोक्यावर येतो तेव्हा पावसाळी ढग. मग वेळ बदला. २१ मार्चच्या सुमारास आकाश निरभ्र असतं आणि शाळा सुरू असते. कोल्हापूर आणि धुळे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. दोन्हीकडच्या शाळांनी एक मीटरची काठी उभी करून दुपारची सर्वांत आखूड सावली मोजायची. कोल्हापुरात ती साधारण ३० सेंटीमीटर भरेल, धुळ्यात ३८. त्रिकोणमिती यायला हवी असं नाही. कागदावर प्रमाणात आकृती काढून कोनमापकाने कोन मोजता येतो. दोन कोनांतला फरक आणि नकाशावरून काढलेलं दक्षिणोत्तर अंतर घेतलं की पृथ्वीचा घेर निघतो. कोनात एका अंशाची चूक झाली तर उत्तर हजारो किलोमीटरने बिघडतं, आणि मग कोल्हापूरची मुलं फोनवर धुळ्याच्या मुलांना विचारतील, तुमची काठी सरळ होती का? दुपारी बारा वाजता सूर्य सर्वांत वर असतो हे आपलं ठाम मत. ही सावली सर्वांत आखूड होते ती मात्र बारा चाळीसच्या आसपास. हे मुलांना दिसेल आणि ती घरी जाऊन सांगतील. तिथून ती जे सांगतील ते स्वतः बघितलेलं असेल, आणि आजोबांनी ‘बाराच वाजता’ म्हटलं तर वाद घालायला त्यांच्याकडे वही असेल.

अशा कामासाठी आपल्याकडे चौकट नाही असंही नाही. १९९३पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत दहा ते सतरा वर्षांची मुलं आपल्या परिसरातला प्रश्न निवडतात, अभ्यासतात आणि आपल्या भाषेत मांडतात. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना कृती-संशोधनाचा प्रकल्प असतो. कल्पना उत्तम. पण स्पर्धा म्हटली की आपल्याकडे शिकवण्या येतात, शिकवण्या आल्या की गुळगुळीत प्रकल्प येतात, आणि परीक्षकांना मुलापेक्षा त्याच्या पालकांची प्रतिभा जास्त दिसू लागते. शिवाय प्रकल्पाचा प्रवास पदकापाशी संपतो. विहिरीच्या पाण्यावर मुलांनी वर्षभर काम केलं, तर त्याचा अहवाल ती विहीर जिच्या ताब्यात आहे त्या ग्रामपंचायतीपर्यंत जाईलच असं नाही.

आक्षेप येतील आणि त्यातला एक मला गप्प करतो. शिक्षक. ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं यांतून उरलेल्या वेळात ते शिकवतात. त्यांच्या डोक्यावर आणखी एक उपक्रम ठेवून वर अहवाल मागायचा असेल, तर हे सगळं न केलेलं बरं. नवं काही द्यायचं तर विज्ञान दिनाच्या सजावटीसारखं जुनं काही काढून घ्यावं लागेल. दुसरा आक्षेप, की मुलांच्या चुका लोकांत पसरतील, तो मला तितका टोचत नाही. मोठ्यांच्या चुका रोज व्हॉट्सॲपवर पसरतात आणि त्यांच्यासोबत तज्ज्ञांची टिप्पणी नसते.

२०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत ५० हजार नव्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची, म्हणजे शाळेत मुलांनी हाताने वस्तू बनवून बघायच्या प्रयोगशाळांची, घोषणा झाली. आजवर अशा एका प्रयोगशाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळत आलं आहे. थ्रीडी प्रिंटर येऊ देत, मला हरकत नाही. त्यासोबत फारसा पैसा न लागणारी एक अट घालावी. मुलांनी गावातल्या पाण्याबद्दल, कचऱ्याबद्दल, उन्हाच्या तापमानाबद्दल जे मोजलं असेल, ते त्यांनी स्वतः ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत वाचून दाखवावं. त्यावर काय करणार, किंवा का करणार नाही, हे त्याच इतिवृत्तात नोंदवावं आणि पुढच्या बैठकीत मुलांना ते विचारू द्यावं. मोजमाप चुकीचं निघालं तर तेही तिथेच, मुलांसमोर, आकड्यांनिशी सांगावं.